मॅन्युअल गिअरच्या गाडीला रिमोट स्टार्टर बसवावा का, आणि बसवल्यास कसा

गुहागरजवळच्या एका वाडीतील गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे 2016 ची, पेट्रोलवर चालणारी, पाच गिअरची हॅचबॅक आहे. वडिलांना हृदयविकार असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत उन्हात तापलेल्या गाडीत त्यांना बसवत नाही. म्हणून घरातूनच रिमोटने इंजिन सुरू करून एसी आधी चालू ठेवता यावा, या हेतूने त्यांनी रिमोट स्टार्टरचा संच ऑनलाइन मागवला आहे, आणि गावातील वायरमन तो बसवून देण्यास तयार आहे. अंगण रस्त्याच्या बाजूला उतरते आहे, गाडी त्या उतारावरच उभी राहते, आणि सुट्टीत घरात लहान मुले असतात. हे काम सुरक्षितपणे होईल का, हे त्यांना जाणून घ्यायचे आहे.

मी गेली बावीस वर्षे रत्नागिरीत गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आहे. या काळात रिमोट स्टार्टर बसवले आहेत, दुसऱ्यांनी बसवलेले काढलेही आहेत, आणि काही गाड्यांना बसवण्यास नकार दिला आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो. उत्तर लांबेल, कारण या कामात जोडणीपेक्षा जोडणीमागचा विचार अधिक महत्त्वाचा आहे.

रिमोट स्टार्टर किल्लीचेच काम करतो. तो इग्निशन चालू करतो, सेल्फ मारतो (म्हणजे स्टार्टर मोटरने इंजिन फिरवतो) आणि इंजिन पकडले की सेल्फ सोडतो. फरक इतकाच की किल्ली फिरवणारा माणूस त्या वेळी गाडीत नसतो. ऑटोमॅटिक गाडीत गिअरचा दांडा पार्किंगमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, त्यामुळे तेथे ही जबाबदारी गाडी स्वतः सांभाळते. आपल्या मॅन्युअल गाडीत मात्र किल्ली फिरवण्याआधी आपण नकळत क्लच दाबतो आणि दांडा डावी-उजवीकडे हलवून तो न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करतो, आणि हे काम कोणताही रिमोट करू शकत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये असताना सेल्फ लागला, तर केवळ स्टार्टर मोटरच्या जोरावर गाडी पुढे सरकते, आणि त्या सरकण्यातच इंजिन पकडले तर ती चालू लागते. किल्ली लावलेली नसल्यामुळे स्टिअरिंग लॉक असण्याचा संभव असतो, म्हणजे धावत जाऊन कोणी आत शिरला तरी त्याला ती वळवता येणार नाही.

म्हणून मॅन्युअल गाडीसाठी बनवलेल्या संचांत एक ठरावीक पद्धत असते, तिला आमच्या धंद्यात रिझर्वेशन किंवा रेडी मोड म्हणतात. गाडी उभी केल्यावर इंजिन चालू असतानाच गिअर न्यूट्रलमध्ये आणायचा, हँडब्रेक ओढायचा, क्लच आणि ब्रेक दोन्हींवरून पाय काढायचे आणि रिमोटचे बटण दाबायचे. मग किल्ली काढून घेतली तरी इंजिन चालूच राहते. आपण खाली उतरून सर्व दारे लावली आणि लॉक केली की संच स्वतः इंजिन बंद करतो. क्लचवरून पाय काढून माणूस बाहेर पडला आणि तरीही इंजिन चालू राहिले व गाडी हलली नाही, याचा अर्थ त्या क्षणी गिअर न्यूट्रलमध्ये होता, आणि त्यानंतर एकही दार उघडले गेले नसेल तर तो अजूनही न्यूट्रलमध्येच असला पाहिजे. या तर्कावर पुढचे स्टार्टिंग मंजूर होते. मध्ये कोणी दार उघडले किंवा हँडब्रेक खाली केला, की ती मंजुरी रद्द झाली पाहिजे. तर्क चोख आहे, परंतु तो गिअरकडे पाहून केलेला नाही. गिअर प्रत्यक्ष कोठे आहे हे संचाला कधीच दिसत नाही. दारे उघडली गेली नाहीत, एवढ्यावरून तो अंदाज बांधतो. आपल्याकडच्या काही नव्या मॅन्युअल गाड्यांत, विशेषतः सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत, न्यूट्रलचा सेन्सर गिअरबॉक्सवरच असतो. तो असेल तर त्याचा सिग्नल या पद्धतीच्या जोडीला अवश्य घ्यावा. आपल्या गाडीत तो असण्याची शक्यता फार कमी आहे.

येथे कोकणातील एक अडचण आडवी येते, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचा खरा गाभा तीच आहे. आपल्याकडे सपाट जागा कमी. घर टेकडीच्या अंगावर, अंगण चिऱ्यांनी बांधून काढलेले, वाट चढणीची. त्यामुळे गाडी शिकवणाऱ्या प्रत्येकाने आपल्याला एकच गोष्ट बजावलेली असते: गाडी उभी केली की गिअरमध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि चाकाखाली दगड लावा. ही सवय योग्य आहे, कारण खाऱ्या हवेत हँडब्रेकची केबल आतून गंजते, अडकते किंवा ताणते, आणि लिव्हर पूर्ण वर ओढूनही मागची चाके पुरेशी धरली जात नाहीत. रिमोट स्टार्टर मात्र नेमकी हीच सवय सोडून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायला लावतो. उतारावर उभी असलेली, न्यूट्रलमधील, केवळ हँडब्रेकवर तोललेली गाडी रात्रभर अंगणात ठेवणे हा एक धोका, आणि सवयीने कोणीतरी गिअर टाकलेल्या गाडीला रिमोटने सेल्फ मारणे हा दुसरा. उतारावर एक टाळायला गेलो की दुसरा समोर येतो. हँडब्रेकच्या स्विचने यात काही सुटत नाही, कारण तो स्विच फक्त लिव्हर वर आहे एवढेच सांगतो. ब्रेकने चाक धरले आहे की नाही, हे त्याला माहीत नसते.

आता स्विचांबद्दल थोडे विस्ताराने सांगतो, कारण बसवणाऱ्यांकडून सर्वांत अधिक दुर्लक्ष येथे होते. बऱ्याच गाड्यांत दाराचा स्विच दार उघडले की अर्थ देतो, म्हणजे आपली वायर गाडीच्या पत्र्याला (बॅटरीच्या निगेटिव्हला) जोडतो. त्यावर आतला दिवा लागतो आणि संचालाही तोच इशारा मिळतो. बॉनेटचा स्विचही असाच, उघडल्यावर अर्थ देणारा. हँडब्रेकचा स्विच लिव्हर वर असताना अर्थ देतो. आता हे तीनही स्विच गंजले आणि त्यांचा संपर्क होईनासा झाला, असे समजा. हँडब्रेकचा स्विच मेला तर संचाला वाटेल की हँडब्रेक खाली आहे, आणि तो गाडी सुरू करणार नाही. हा बिघाड आपल्या बाजूचा झाला. परंतु दाराचा स्विच मेला तर संचाला वाटेल की दार बंदच आहे. नातवाने दार उघडले, खेळता खेळता गिअर टाकला, दार लावून तो निघून गेला, तरी रिझर्वेशन तसेच शाबूत राहील. बॉनेटचा स्विच मेला तर कोणी इंजिनच्या पट्ट्याजवळ हात घालून उभा असतानाही सेल्फ लागू शकेल. उंदराने वायर कुरतडली तरी परिणाम हाच. ज्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने वाऱ्यात मीठ असते, तेथे हे स्विच मरणे हा अपवाद नसून फक्त काळाचा प्रश्न आहे. म्हणून मी बॉनेटला उघडा पिन स्विच न लावता चुंबकावर चालणारा, पूर्ण बंद कवचाचा स्विच लावतो. मागच्या डिकीसह पाचही दारांचा इशारा संचापर्यंत पोहोचतो की नाही, हे एकेक दार उघडून मोजतो, कारण काही गाड्यांत चालकाच्या दाराची वायर वेगळी आणि बाकीच्यांची वेगळी असते, आणि घाईत काम करणारा एकच जोडून मोकळा होतो. मालकासाठी एक सोपी खूण सांगून ठेवतो: कोणतेही दार उघडल्यावर आतला दिवा लागला नाही, तर स्विच दुरुस्त होईपर्यंत रिमोट वापरायचा नाही. ही खूण कामाची राहावी म्हणून दिव्याचे बटण कायम दाराच्या खुणेवर ठेवावे.

काच खाली असेल तर दार न उघडताच बाहेरून हात घालून गिअर टाकता येतो, हे कोणताही स्विच पकडू शकत नाही. त्यामुळे काचा पूर्ण वर असल्याशिवाय रिझर्वेशन करू नये, आणि कापडी टपाच्या जीपला हा संच कधीही बसवू नये.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे समोरचा बंपर आणि दिवा फुटलेली एक गाडी आली होती. रिमोट दाबताच ती अंगणातून निघाली, तुळशीवृंदावनाचा कठडा पाडून गडग्याला धडकली आणि बंद पडली. दुपारची वेळ असल्यामुळे अंगणात कोणी नव्हते, एवढेच दैव. डॅशबोर्ड उघडून पाहिला तेव्हा दोन गोष्टी आढळल्या. पहिली अशी की संचाची सेटिंग ऑटोमॅटिक गाडीसाठीच ठेवलेली होती. अनेक संचांत हा बदल एखादी लहान वायर कापून किंवा बटणांच्या ठरावीक क्रमाने करावा लागतो, आणि तो केला नाही तर रिझर्वेशनची संपूर्ण पद्धतच बाजूला राहते. दुसरी अशी की हँडब्रेकची वायर लिव्हरपर्यंत नेण्याचा त्रास वाचवण्यासाठी ती थेट बॉडीला अर्थ केलेली होती, म्हणजे संचाच्या दृष्टीने हँडब्रेक कायम ओढलेलाच. बसवणाऱ्याने हे वाईट हेतूने केले असे मला वाटत नाही. गाडी चालू होत नव्हती, तार अर्थ केल्यावर ती चालू झाली, म्हणून त्याने काम पूर्ण झाले असे मानले. आपल्या वायरमनला संच हाती देण्यापूर्वी हे दोन प्रश्न नक्की विचारा: मॅन्युअलची सेटिंग कशी करतात, आणि हँडब्रेकची वायर तुम्ही कोठून घेणार आहात.

या दुसऱ्या प्रश्नाचे योग्य उत्तर अनेक अनुभवी कारागिरांनाही ठाऊक नसते. डॅशबोर्डवरचा लाल ब्रेकचा दिवा बहुतेक गाड्यांत दोन कामे करतो. हँडब्रेक ओढलेला असताना तो लागतो, आणि ब्रेक ऑइलची पातळी उतरली तरी तोच लागतो. वायर त्या दिव्याकडून घेतली, तर ब्रेक ऑइल कमी झाल्यावर संचाला वाटेल की हँडब्रेक ओढलेला आहे, म्हणजे ब्रेकमध्ये दोष असतानाच संच गाडी सुरू करण्यास मोकळा होईल. ही वायर लिव्हरखालच्या स्विचवरूनच घ्यावी, आणि डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा लहान भाग) लावून ऑइलच्या स्विचपासून वेगळी करावी.

क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा स्विच असलेल्या गाडीत रिमोटने सेल्फ लागण्यासाठी त्या स्विचला पर्यायी वाट द्यावी लागते. ती रिलेमार्फत (विजेवर चालणाऱ्या स्विचमार्फत), फक्त रिमोटने सेल्फ लागण्याच्या काही सेकंदांपुरती द्यावी. स्विचच्या दोन वायरी कायमच्या पिळून जोडल्या, तर किल्लीने गाडी सुरू करतानाचे संरक्षणही जाते. इमोबिलायझरच्या (ओळखीची चिप असलेली किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) बाबतीत चिप असलेली दुसरी किल्ली डॅशबोर्डमध्ये लपवून ठेवण्याची पद्धत सर्रास दिसते. ती मला मान्य नाही. एक तर चोराचे काम सोपे होते, आणि दुसरे म्हणजे गाडी चोरीस गेल्यास विमा कंपन्या सामान्यतः दोन्ही मूळ किल्ल्या मागतात, त्यांतली एक तर गाडीबरोबरच गेलेली असते. आपल्या मॉडेलसाठी इमोबिलायझरचे वेगळे मॉड्यूल मिळत असेल तर ते घ्यावे. मिळत नसेल तर संच बसवू नये. डिझेल गाडी असती, तर हीटर प्लग तापेपर्यंत थांबण्याची सेटिंगही करावी लागली असती.

इंजिन पकडले हे संचाला दोन प्रकारे कळू शकते. एक बॅटरीच्या व्होल्टेजवरून, दुसरा इंजिनच्या फेऱ्यांच्या (आरपीएमच्या) सिग्नलवरून. बॅटरी जुनी झाली की व्होल्टेजचा अंदाज चुकतो, आणि चालू इंजिनवर सेल्फ फिरत राहून दाते झिजतात, म्हणून आरपीएमची वायर घेण्याचे कष्ट टाळू नयेत.

प्रत्यक्ष जोडणीत सर्वप्रथम बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी. स्टिअरिंगखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी आणि पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये आणि तेथे टेस्ट लॅम्प (वायरीत वीज आहे का हे दाखवणारा दिवा) तर मुळीच लावू नये. मुख्य पॉझिटिव्ह वायरीला बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज हवा, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरीला कोणीच वाचवत नाही. इग्निशनच्या आणि सेल्फच्या वायरी जाड घ्याव्यात. संचाबरोबर येणारी वायर पुरत नसेल तर निदान तितक्याच जाडीची पुढे जोडावी. वायरीला चिमटा मारून जोड घेणारे प्लास्टिकचे कनेक्टर समुद्रकाठी वापरू नयेत. दोन पावसाळ्यांत त्यांच्या आतील तांब्यावर हिरवा थर चढतो, जोड तापू लागतो, आणि इग्निशनची वायर चालत्या गाडीत सुटली तर इंजिन घाटात बंद पडते. जोड पिळून सोल्डर करावा, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवावी आणि वायर हलणार नाही अशी बांधून टाकावी. अर्थ घेताना रंग खरवडून उघड्या पत्र्यावर बोल्टने घ्यावा आणि वर ग्रीस लावावे.

जोडणी संपल्यावर लगेच रिमोट दाबून पाहण्याचा मोह होतो. तो आवरावा. मी आधी स्टार्टरच्या सोलेनॉइडची (स्टार्टर मोटरला वीज जोडून देणाऱ्या भागाची) बारीक वायर काढतो आणि तिच्या टोकाला टेस्ट लॅम्प लावतो, म्हणजे संचाने सेल्फ मारला तर दिवा लागतो, पण गाडी जागची हलत नाही. हा दिवा लावून चुका करून पाहता येतात. सेल्फ फिरत नसल्यामुळे प्रत्येक परीक्षेआधी रिझर्वेशन करायचे, तर वायर परत जोडून इंजिन सुरू करावे लागते, आणि मग वायर पुन्हा काढताना बॉनेट उघडल्यामुळे ते रद्द होते. म्हणून सोलेनॉइडच्या वायरीला तात्पुरता स्विच लावून तो खिडकीच्या फटीतून बाहेर काढून ठेवावा. गाडी सपाट जागी, चारही चाकांना ओंडके लावून उभी असावी. रिझर्वेशन करून, बाहेरून स्विच बंद करून, एक दार उघडावे, परत लावावे, रिमोट दाबावा आणि टेस्ट लॅम्पकडे पाहावे. दिवा लागता कामा नये. हेच पाचही दारांसाठी, हँडब्रेकसाठी आणि बॉनेटसाठी स्वतंत्रपणे करावे. ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावरील कपलर काढून, त्याच्या गाडीकडील दोन टोकांना तारेने जोडून, हँडब्रेक खाली ठेवून पाहावे. तेव्हाही टेस्ट लॅम्पचा दिवा लागता कामा नये. शेवटी रिझर्वेशन न करताच पाहावे. यांपैकी एकदाही दिवा लागला, तर गाडी मालकाच्या ताब्यात जाणार नाही, एवढे कारागिराने स्वतःशी ठरवलेले असावे. या चाचण्यांना मला जवळजवळ अर्धा दिवस लागतो, आणि मजुरीतला मोठा भाग त्याचाच असतो. दरवर्षी मृगाच्या आधी आणि गणपतीनंतर दारे, हँडब्रेक आणि बॉनेट यांची चाचणी पुन्हा करून घ्यावी.

वापराबद्दलही सांगणे आवश्यक आहे. इंजिनच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो वायू जीव घेऊ शकतो. पावसाळ्यात ताडपत्रीने तीन बाजू बंद केलेली शेड, पडवीला लागून असलेला आडोसा, खिडकीखाली उभी असलेली गाडी, या सर्व ठिकाणी रिमोटने इंजिन चालू करू नये. गाडीवर कव्हर असताना तर कधीच करू नये. सायलेन्सरजवळ पेंढा किंवा सुकी पाने नसावीत. गाडीच्या सावलीत कुत्री-मांजरे झोपतात, म्हणून गाडी डोळ्यांसमोर असतानाच बटण दाबावे आणि संचातील आपोआप बंद होण्याची वेळ दहा मिनिटांच्या आत ठेवावी. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 126 नुसार सार्वजनिक ठिकाणी उभ्या गाडीत परवानाधारक चालक आसनावर बसलेला नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असणे किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था केलेली असणे आवश्यक आहे. त्यामुळे बाजारपेठेत, दवाखान्याबाहेर किंवा रस्त्याकडेला हा रिमोट वापरण्याचा विचारही करू नये. तो घरच्या आवारापुरताच आहे.

आपल्या गाडीपुरते सांगायचे, तर सध्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या गाडीला मी हा संच बसवणार नाही. अंगण रस्त्याकडे उतरते, घरात मुले असतात, आणि वडील किंवा आपण स्वतः वर्षानुवर्षांच्या सवयीने गाडी गिअरमध्ये टाकणारच. घराच्या मागे किंवा बाजूला चारही चाके सपाट उभी राहतील आणि वर मोकळी हवा असेल अशी जागा करता येत असेल, हँडब्रेकची केबल नवी घालून घेतलीत, गाडी चालवणाऱ्या घरातील प्रत्येकाने रिझर्वेशनची पद्धत आत्मसात केली, आणि वायरमनने वर सांगितलेल्या चाचण्या आपल्यासमोर करून दाखवल्या, तर हरकत नाही. ते जमेपर्यंत वडिलांसाठी याहून साधा उपाय आहे. निघण्याच्या पाच-सात मिनिटे आधी गाडी चालवणाऱ्याने स्वतः जाऊन समोरासमोरची दोन दारे उघडून कोंडलेली गरम हवा बाहेर जाऊ द्यावी, मग आसनावर बसून, ब्रेकवर पाय ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची हाताने खात्री करून इंजिन सुरू करावे. पहिली दोन मिनिटे काचा थोड्या खाली ठेवून एसी बाहेरच्या हवेवर आणि नंतर काचा लावून आतल्या हवेवर चालवला, की वडील दारापर्यंत येईतो गाडी बसण्याजोगी झालेली असते. संचाचे खोके अद्याप उघडले नसेल, तर परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी अंगणाची सपाट जागा एकदा टेपने मोजून पाहा आणि मगच निर्णय घ्या.